लाल दोऱ्याचा कोपरा

दिवाळी सरली की यवतमाळहून दारव्ह्यावरून पुढं जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरून आलेल्या माणसाला याची गंमत वाटते. इथं राहणाऱ्याला ठाऊक असतं, की कापसानं फुगलेल्या गाड्या कडेकडेनं जातात आणि काटे आपापला वाटा ओढून घेतात. शाळेतून येताना मी हा काट्यांवरचा कापूस गोळा करायची आणि दप्तरात कोंबून घरी आणायची. घरात कापसाची अख्खी खोली छतापर्यंत भरलेली असताना पोरगी रस्त्यावरून कापूस वेचून आणते, म्हणून आई कपाळाला हात लावायची. आता पन्नाशी उलटली, तरी या दिवसांत बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की माझे डोळे बाभळींवरच असतात.

यंदा अशीच खिडकीशी बसले होते आणि दिल्लीतले ते नेते गेल्याची बातमी आली. कुणाच्या तरी फोनवर आधी आली, मग बसभर झाली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मागून एक जण म्हणाला, "सुटलो बाप्पा एकदाचे," आणि लगेच इकडंतिकडं पाहून खिडकीबाहेर बघायला लागला. कंडक्टरनं दोघांकडंही पाहिलं आणि नेहमीसारखं तिकीट विचारलं.

त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. घेतलं की हा लेख वाचणाऱ्यांतले निम्मे इथंच पान उलटतील आणि उरलेले निम्मे मान डोलवायला लागतील. मला दोन्ही नकोत. या माणसानं आमच्या देशाचे, जिल्ह्याचे, गावाचे असेच दोन भाग केले होते आणि आमच्या घराच्या अंगणाचेही. मी टपाल कचेरीत नोकरीला आहे. उद्या त्यांचं टपालाचं तिकीट निघेल, त्यांच्या कपाळावर काळा शिक्का मारायचं काम माझ्याकडं येईल, आणि काउंटरपलीकडचा माणूस एकतर "हळू मारा बाई" म्हणेल किंवा "जोरात मारा" म्हणेल. मधलं कुणी येईल असं वाटत नाही.

मी चालले होते ती बाबांना आणायला. दारव्ह्याच्या पुढं अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, बाबा ऐंशीच्या पुढं गेले, आणि एकट्यानं चूल पेटवणं आता त्यांना झेपत नाही. किती वर्षं मी मागं लागले होते. शेवटी या वर्षी म्हणाले, "वेचनी होऊ दे. मंग येतो." म्हणजे गावातला हा त्यांचा शेवटचा कापूस होता. शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिलं होतं, घराची किल्ली शेजारी ठेवायची होती, भांडी कुणाला द्यायची तेही ठरलं होतं. एकच गोष्ट ठरली नव्हती आणि तिचं नाव बाबा काढत नव्हते. ती म्हणजे गफूरचाचा.

दारव्ह्याच्या स्टँडजवळ चाचांचं गादीचं दुकान आहे. बस त्यावरून जाताना बाबा दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं बघतात. त्या बाजूला एक पडकी भिंत आहे आणि तिच्यात बघण्यासारखं काहीही नाही. पंचवीसएक वर्षं बाबा ती भिंत बघत आले आहेत.

आधी असं नव्हतं. चाचा पिंजारी. दर हिवाळ्यात खांद्यावर धुनकी टाकून ते आमच्या गावी यायचे. ताणलेल्या तातीचं, म्हणजे चिवट दोरीचं, ते लांबलचक अवजार. लाकडी मोगरीनं तातीवर ठोका मारला की रुई उडून मोकळी व्हायची. तो आवाज घरातल्या सगळ्या भांड्यांत शिरायचा. चाचांचा मुक्काम आमच्या ओट्यावर. दिवसभर गावातल्या गाद्या-रजया पिंजायचे आणि संध्याकाळी बाबांसोबत चहा घेत बसायचे. दोघांच्या मिशांत, भुवयांत रुई अडकलेली असायची आणि दोघंही अकाली म्हातारे दिसायचे. मी आणि आई हसायचो. बाबांना चाचा 'दादा' म्हणायचे, आईला 'भाभी'. बाबा त्यांना नुसतं 'गफूर' म्हणायचे, पण ते असं, की त्या हाकेत पुढं काहीतरी खायला मिळणार आहे हे कळावं.

आमच्या घरची रीत होती, की पोरीच्या लग्नाला रजया घरच्या कापसाच्याच भरायच्या आणि त्याही जोडीनं. एक पोरीसोबत जाते, एक माहेरी राहते. थंडी दोन्हीकडं सारखीच पडली पाहिजे, असं आई म्हणायची. माझं लग्न माघात ठरलं त्या वर्षीची वेचणी मला आजही हाताच्या बोटांत आठवते. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी नखांची मुळं सोलून निघतात, ती आठवण काही पुसत नाही. पहिल्या वेचणीला आईनं सीतादही केलं, म्हणजे कापसाच्या झाडाची पूजा. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडले, दहीभात ठेवला, पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस हातानं लांब ओढत झाडाभोवती गुंडाळला. मग मला म्हणाली, "याच झाडाचा कापूस तुह्या रजईत जाईल, नीट वेच." मी त्या झाडाचा कापूस वेगळा ओटीत बांधला. घरी येईपर्यंत तो बाकीच्या कापसात मिसळून गेला होता, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत, ज्यांचं नाव मी घेत नाही ते नेते दारव्ह्याला सभेला येणार होते.

त्यांच्याबद्दल आमच्या घरात जे होतं ते सांगितलं पाहिजे. मी पाचवीत असताना कापसाच्या भावासाठी लोकांनी रस्ता अडवला होता. बाबा त्यात होते. तेव्हा दिल्लीत सत्ता यांची होती. काठ्या चालल्या. बाबांच्या डाव्या खांद्यावर जी बसली, तिनं त्यांचा हात कायमचा कानाच्या खाली आणून ठेवला. त्यानंतर बाबांना कधी डोक्यावरून सदरा घालता आला नाही. आई घालून द्यायची. थंडीत तो खांदा इतका दुखायचा, की बाबा दात आवळून भिंतीकडं तोंड करून बसायचे. नंतर यांनी भाषणात म्हटलं, की रस्त्यावर बसलेले लोक शेतकरी नव्हतेच. बाबांनी ते रेडिओवर ऐकलं. काठी ते कदाचित विसरले असते, हे वाक्य विसरले नाहीत.

आणि चाचांच्या घरात जे होतं तेही सांगितलं पाहिजे. रुखसाना, त्यांची एकुलती पोरगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. याच माणसाच्या राजवटीत मुलींसाठी वसतिगृहं निघाली. चौथीनंतर घरी बसलेली रुखसाना त्या वसतिगृहात गेली, शिकली, पुढं नर्स झाली. आज ती नेरला असते. दवाखान्यात तिच्या नावानं माणसं येतात. चाचांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पोरीच्या हातचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते मला वाचायला लावलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाचताना मध्येच उठून विहिरीवर तोंड धुवायला गेले. अशा माणसाला कुणी सांगावं, की ज्यानं हे केलं तो वाईट आहे?

खांदाही खरा होता आणि पत्रही खरं होतं. आता टीव्हीवर एका चॅनेलला ते युगपुरुष असतात आणि दुसऱ्यावर त्यांच्या पापांची यादी चाललेली असते. मला वाटतं, दोन्हीकडच्या लोकांनी एकदा एकाच ओट्यावर चहाला बसून पाहावं. पण तेही किती अवघड असतं, ते मी बघितलंय.

त्या दिवशी अंगणात रुईचा ढीग पडला होता. सरकी काढून आणलेली स्वच्छ रुई, माझ्या दोन रजयांची. चाचा पिंजत होते, बाबा जवळ बसले होते, मी तूर पाखडत होते. चाचा म्हणाले, "उद्या काम बंद, दादा. सभेले जातो."

"कोनाच्या?" बाबांना ठाऊक होतं कोणाच्या.

"त्याईच्या."

"माह्या खांद्यावर ज्याच्या राज्यात काठी पडली, त्याच्या सभेले जातं तू?"

"काठी काय त्याईनं मारली, दादा? रस्त्यावर बसलं तं कोनाले ना कोनाले लागनारच. खांद्याचं किती दिवस घेऊन बसता?"

बाबांचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. मग म्हणाले, आणि हे त्यांनी म्हणायला नको होतं, "हाव. तुही पोरगी त्याच्या तुकड्यावर वाढली. तुले गोडच लागनार तो."

धुनकी थांबली. चाचांनी मोगरी खाली ठेवली. "दादा," ते म्हणाले, "मले काहीबी म्हना. पोरीवर जाऊ नका."

एवढंच. कुणी आवाज चढवला नाही, कुणी काही फेकलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचा सभेला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, उरलेलं काम केलं. दोन दिवस अंगणात फक्त धुनकी बोलत होती. दोन्ही रजया भरल्या, जाड दोऱ्याचे टाके घातले, घडी करून ओट्यावर ठेवल्या. आईनं चहा आणला तेव्हा ते "नको भाभी" म्हणाले आणि धुनकी खांद्यावर टाकून निघाले. बाबा आत होते, दाराच्या फटीतून बघत. मी त्यांना बघताना पाहिलं.

माझ्या लग्नात चाचा आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गेले. आईच्या वेळी आले, स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागून चालले आणि तसेच परतले. बाबांनी दोन्ही वेळा पाहिलं. दोन्ही वेळा घरी येऊन बाबांनी चहा घेतला नाही. मला त्या दिल्लीतल्या माणसाचा खरा राग येतो तो याचसाठी. त्याला कधी कळलंही नसेल, की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणात दोन माणसांचा चहा त्याच्या नावावर थंड झाला. आणि राग येतो तेवढ्यात मला रुखसाना आठवते, पांढऱ्या कपड्यांतली, म्हाताऱ्या बायांना हाताला धरून बाकावर बसवणारी. मग राग अर्ध्यावरच राहतो.

घरी पोचले तर बाबा टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्ही बंद होता. मला वाटलं होतं, आज ते बोलतील. इतक्या वर्षांची मळमळ बाहेर काढतील. ते म्हणाले, "आलीस? बरं झालं. रजई उसवाची हाय."

इतक्यात चौकाकडून फटाक्यांची माळ वाजली. चौकात एका बाजूला त्यांच्या फोटोला हार घातलेला होता, चार माणसं सतरंजीवर बसलेली, आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी माळ लावली होती. बाबा काठी घेऊन उठले. मी मागं धावले. चौकात जाऊन हा ऐंशी ओलांडलेला माणूस फटाक्यांच्या धुरात उभा राहिला आणि ओरडला, "कोन व्हय रे तो? मेलेल्या मानसावर फटाके फोडून राह्यला? माह्याइतकं कोनाचं वाकडं व्हतं त्याच्यासंगं? तुमचं काय गेलं रे?" कुणी पुढं आलं नाही. सतरंजीवरची माणसं वर बघत राहिली, कारण बाबा त्यांच्या बाजूनं बोलतील असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. बाबा त्यांच्याकडंही रागानंच बघून परत फिरले.

परतताना म्हणाले, "ते रजईचं मनावर घे. गाव सोडताना मोकळी करून नेऊ. गोळे झाले तिच्यात."

ही रजई म्हणजे माझ्या लग्नातल्या जोडीतली घरी राहिलेली. बाबांनी पंचवीस हिवाळे हीच अंगावर घेतली. तिचे दोन हट्ट होते. एक म्हणजे पायाकडं ती कुरकुर वाजायची. बाबा तक्रार करायचे, "पायाकडं कडक लागते हे." आई म्हणायची, "नवी हाय, बसन." दहा वर्षांनंतरही आई तेच म्हणायची. आणि दुसरा म्हणजे लाल दोरा. एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे चार टाके होते, आणि तो कोपरा डाव्या खांद्यावर आलाच पाहिजे हा आईचा दंडक होता. अंथरूण मी घातलं आणि रजई उलटी झाली, की ती उठून सरळ करायची. का, हे विचारलं तर म्हणायची, "तशीच घ्याची असते." आई गेल्यावर बाबा स्वतः लाल दोरा शोधून रजई घ्यायचे. मला वाटायचं, ते आईची आठवण म्हणून करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ओट्यावर रजई पसरली आणि ब्लेडनं शिवण उसवत गेले. वरचं फुलाफुलांचं कापड निघालं. आत रुईची खोळ होती, मांजरपाटाची. अर्ध्यापर्यंत कोरी. त्याच्या खाली, पायाच्या बाजूला, एक माणूस माझ्याकडं बघून हसत होता.

त्या काळी छापील फलक नव्हते. सभा असली की दारव्ह्याचे पेंटर मांजरपाटावर तैलरंगानं मोठमोठे चेहरे काढायचे आणि थेट आमच्या गावापर्यंत रस्त्यावर बांबूंना ताणून बांधायचे. सभा झाली की दुसऱ्या सकाळी एकही फलक जागेवर नसायचा. चांगल्या धुतल्या मांजरपाटाला आमच्याकडं मोल होतं. त्याच्या पिशव्या व्हायच्या, बैलांच्या झुली व्हायच्या. वेचणीला गेलेल्या बायांच्या कमरेला बांधलेल्या ओटीवर कुणाचा अर्धा कान, कुणाचा एक डोळा असायचा आणि त्यात त्या खुशाल कापूस भरत असायच्या. पक्ष बघून कापड घेतलं असं मी कुणाला पाहिलं नाही. आमच्या खोळीवरच्या चेहऱ्याला पेंटरनं जाड मिशी काढून अगदी आमच्या भागातला सरपंच करून टाकला होता. तरी ओळख पटायला वेळ लागला नाही. रंग कडक झाला होता. हात लावला की कुरकुर वाजायचा.

बाबा खुर्चीतून उठून आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, यांना आत नेऊन निजवावं.

"गफूरनं केलं हे," ते म्हणाले. "जाता जाता करून गेला. पंचवीस वर्सं मले त्याच्याखाली निजवलं."

मला ते खरं वाटलं, हे कबूल करते. चाचा सभेला गेले होते. परतल्यावरच त्यांनी रजया भरल्या होत्या. अपमान झालेला माणूस काय करील, सांगता येत नाही. वाईट याचं वाटत होतं, की आता हे असंच राहणार. बाबा आठवड्यानं गाव सोडतील तेव्हा ही गाठ घेऊनच सोडतील, आणि यवतमाळच्या माझ्या घरातली भिंत तर त्या पडक्या भिंतीइतकी मोठीही नाही.

मी काळीपिवळी जीप धरून दारव्ह्याला गेले. चाचांच्या दुकानात आता पिंजायचं यंत्र आहे, ते भाच्याकडं सोपवलंय. चाचा दाराशी खुर्ची टाकून बसतात. नजर अधू झालीये. मागं भिंतीवर त्यांच्या नेत्याचा फोटो होता आणि त्याला ताज्या शेवंतीचा हार. चाचांचे डोळे लाल होते. माझा आवाज ऐकून उठायला लागले.

"शोभा? बेटा, दादा बरे हाये ना?"

एवढ्या प्रश्नावर माझं सगळं भांडण निम्मं झालं. तरी विचारलं. म्हटलं, चाचा, रजईत तो चेहरा काहून घातला?

ते खाली बसले. "उसवली काय?" म्हणाले. मग हळूच हसले. "भाभीनं सांगतलं नाय तुले? तुही माय व्हती ते. सभेहून वापस आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी ओट्यावर खोळी शिवून तयार. मी म्हनलो, भाभी, हे काय केलं, दादाले समजलं तं घर जाळतीन. म्हने, मांजरपाट कमी पडला, आतमधे कोन पाहते? दोन तुकडे केले तिनं. तोंड घरच्या रजईत, हात तुह्या रजईत."

म्हणजे इतकी वर्षं यवतमाळला माझ्या अंगावर एक राष्ट्रीय नेता हात जोडून पडून होता. मला हसू आलं, आणि आईची इतकी आठवण आली, की रडूही.

"लाल दोरा हाय काय अजून?" चाचांनी विचारलं.

"हाय."

ते खुर्चीला रेटून उठले. पायात चपला सारल्या. "चाल. मले घेऊन चाल."

जीपमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. गावात उतरलो तेव्हा चौकातल्या फोटोसमोर ते क्षणभर थांबले, छातीला हात लावला आणि पुढं चालायला लागले.

बाबा ओट्यावरच बसले होते. रजई तशीच पसरलेली. चाचा पायरीशी उभे राहिले. "या" म्हणायला बाबांना जमेना आणि चढायला चाचांना. शेवटी मीच त्यांचा हात धरून वर आणलं आणि खोळ कुणी शिवली होती, ते एका दमात सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं. आईचं नाव आल्यावर त्यांच्या रागाला बसायला जागा उरली नाही. पण सोडावा कसा, तेही कळेना.

"शिवली तिनं," ते म्हणाले, "पन भरली तं तूच ना?"

"हाव. मीच भरली." चाचा खाली वाकले आणि अधू नजरेनं, हातानं चाचपत, खोळीचा कोपरा शोधायला लागले. लाल दोरा बोटाला लागला तसे थांबले. "दादा, हात द्या तुमचा. इथं ठेवा. आता इथं ठेवा."

बाबांनी आधी कोपऱ्यावर हात ठेवला, मग मध्ये. मीही ठेवून पाहिला. पंचवीस वर्षांत रुई दबली होती, गोळे झाले होते. तरी लाल दोऱ्याच्या कोपऱ्यात ती दुप्पट होती. मध्ये बोटं कापडाला कापड लागेपर्यंत जात होती आणि कोपऱ्यात जात नव्हती.

"खोळीले डोकं नसते अन् पायबी नसते," चाचा म्हणाले. "कोनतं अंग वर घ्याचं, ते भरनाऱ्याच्या हातात. त्याईचा चेहरा पायाकडं टाकताना मले लय वाईट वाटलं, दादा, खोटं नाय सांगत. माह्या पोरीचं भलं केलं त्याईनं. पन तुमच्या खांद्यावर कसा टाकू? मंग तिथं रुई डबल भरली. दोरा बांधला. भाभीले म्हनलं, हे डाव्या खांद्यावर देजा, पन माहं नाव सांगू नका."

अंगणात त्याच आठवड्यात चाचांनी म्हटलं होतं, खांद्याचं किती दिवस घेऊन बसता. त्याच आठवड्यात बाबांनी त्यांच्या पोरीला 'तुकड्यावर वाढली' म्हटलं होतं. आणि तेच हात त्याच आठवड्यात हा कोपरा भरत होते. आईला हे सगळं ठाऊक होतं आणि तिनं चाचांना दिलेला शब्द मरेपर्यंत पाळला. त्यासाठी तिचं कौतुक करावं की तिच्याशी भांडावं, हे मला अजून कळलेलं नाही.

बाबांचा हात कोपऱ्यावरच होता. "म्हनूनच," ते म्हणाले. त्या रजईखाली खांदा ठणकत नाही, हे ते दर हिवाळ्यात सांगायचे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "म्हनूनच."

मी चहा ठेवायला आत गेले. चूल पेटेना, धूर झाला, तो माझ्या डोळ्यांना बराच वेळ पुरला. बाहेरून दोघांचं बोलणं येत होतं. मध्ये मोठमोठ्या जागा सोडून.

"रुखसाना कशी हाय?"

"बरी हाय. लेक दहावीले हाय तिची. खांदा कसा हाय?"

"हाय तसाच."

मी चहा नेला. दोघांनी घेतला. बशीत ओतून, फुंकून, जसा पूर्वी घ्यायचे तसा. चाचांच्या भुवयांवर रजईतली जुनी रुई उडून बसली होती. बाबांनी ती दोन बोटांनी काढली आणि टाकायला जागा न सापडल्यासारखी हातातच धरून ठेवली.

मग चाचांनी रजई जवळ ओढली. "यंत्रावर नाय देत. हातानं पिंजतो. धुनकी माळ्यावर हाय अजून. यंदाचा कापूस घालून देतो थोडा. खोळ मात्र नवी शिवा लागन, दादा. हे काढून टाकू." त्यांनी त्या हसऱ्या, मिशीवाल्या चेहऱ्यावरून तळहात फिरवला. तो कुरकुरला. चाचांचा हात तिथंच राहिला.

बाबा त्या हाताकडं बघत होते.

"कायले काढतं?" ते म्हणाले. "सवय झाली मले. राहू दे."

चाचांनी वर पाहिलं.

"पन पायाकडंच टाकजो."